तासाचं किती देतात रं?

मित्रांनो, जुलै २०२४ चा तिसरा आठवडा आठवतोय काय? आपले सगळे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटले होते. १५ जुलैला कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने स्थानिकांना नोकऱ्या देण्याचं विधेयक मंजूर केलं. व्यवस्थापनाच्या जागांत ५० टक्के आणि बाकीच्या जागांत ७० टक्के स्थानिक घ्यायचे. आणि स्थानिक कोण? जो कर्नाटकात जन्मला, पंधरा वर्षं इथं राहिला आणि ज्याला कन्नड बोलता, वाचता, लिहिता येतं, तो. दहावीला कन्नड विषय नसेल तर परीक्षा द्या. बेंगळुरूच्या कंपन्यांनी ओरड केली आणि १७ तारखेला विधेयक थांबलं.

त्या दोन दिवसांत मीही पोस्टी फिरवल्या. माझा आक्षेप आजही कायम आहे. जन्म निपाणीचा, रेशन कार्ड निपाणीचं, आणि स्थानिक ठरायला भाषेची अट. पुण्यात मुलाखतीला गेलं तर "तुम्ही कर्नाटकचे ना?" म्हणून विचारतात. ८६५ गावांचा दाखला महाराष्ट्रात कॉलेजच्या प्रवेशाला चालतो, पण हिंजवडीच्या एचआरला तो दाखवला तर ती बिचारी कागद उलटसुलट करून बघत बसते. हे दुखणं आपलं सगळ्यांचं आहे.

पण त्याच आठवड्यात दुसरी एक बातमी आली होती. ती आपल्या एकाही ग्रुपवर मला दिसली नाही.

आयटी कंपन्यांत दिवसाला चौदा तास काम करून घेता यावं, असा प्रस्ताव कर्नाटक सरकारपुढे होता. बारा तास कामाचे आणि दोन ओव्हरटाईमचे. त्यासाठी १९६१ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात बदल करायचा होता. 'किटू' या आयटी कर्मचाऱ्यांच्या युनियनने विरोध केला आणि तेव्हा ते मागं पडलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये पुन्हा तोच विषय निघाला. रोजची मर्यादा नऊ तासांवरून दहावर न्यायची, ओव्हरटाईम धरून बारावर. तीन महिन्यांत ओव्हरटाईम ५० तासांच्या वर नको असं कायदा सांगतो, ते १४४ करायचे. आपण तेव्हाही गप्पच.

पहिल्या विधेयकानं आपल्यातल्या काहींना नोकरी मिळायला अडचण झाली असती. दुसऱ्या प्रस्तावानं नोकरी असलेल्या प्रत्येकाचा दिवस खाल्ला असता. मग आपण एकावरच का बोललो?

माझा दिवस सांगतो, तुमचाही असाच असणार. सकाळी साडेनऊला स्टँड-अप. काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय. मग कोड, मग दुसऱ्याचा कोड तपासणं, मग मीटिंगा. संध्याकाळी सातला निघावं म्हटलं तर साडेनऊला अमेरिकेच्या क्लायंटचा कॉल. रिलीज असला की रात्रीचा एक वाजतो. ऑन-कॉलचा आठवडा असला की फोन उशाला घेऊन झोपायचं. आणि शुक्रवारी टाइमशीट भरताना रोजचे तास किती? आठ. माझ्या आधीच्या कंपनीत तर आठच्या वर आकडा टाकला की सिस्टीम तो घेतच नव्हती. वरच्यांना विचारलं तर म्हणाले, "आठच भरा, उगीच प्रश्न निघतात."

विचार करा. सॉफ्टवेअर आपणच लिहितो, आणि आपले तास खोटे भरणारं सॉफ्टवेअरही आपल्यातल्याच कुणीतरी लिहिलेलं असतं.

मागच्या दिवाळीच्या आधी घरून काम करत होतो. रात्री अकराला कॉल संपला. आज्जी जागीच होती. तिनं आयुष्यभर विड्या वळल्या. मला म्हणाली, "एवढ्या रातीचं काम करालायस, तासाचं किती देतात रं?"

मी म्हटलं, "आज्जी, तासाचं नसतंय. महिन्याचा पगार असतोय."

"मग हे रातीचं फुकट व्हय?"

मला उत्तर देता आलं नाही. तिच्या काळात विड्यांचा हिशोब हजारावर चालायचा. ठेकेदार विड्या मोजून घेताना चांगल्या विड्याही खराब म्हणून छाटात काढायचा, त्याचे पैसे बुडायचे. पण बुडाले किती, हे तिला पक्कं ठाऊक असायचं. माझे किती तास बुडाले, हे मला ठाऊक नाही. मी कधी मोजलेच नाहीत.

सीमाप्रश्नाच्या आपल्या इतिहासात १९६६ हे साल प्रत्येकाला पाठ आहे, महाजन आयोग नेमला गेला ते साल. त्याच वर्षी विडी कामगारांचा कायदाही झाला. कारखान्यात दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास ही मर्यादा त्यात आली आणि घरी बसून विडी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं गेलं. आपल्यासाठीसुद्धा आजच्या घडीला दुकाने व आस्थापना कायद्यात नऊ आणि ४८ हेच आकडे आहेत, आणि त्यावरच्या तासांना दुप्पट दरानं पैसे आहेत. म्हणजे कागदावर मी आणि आज्जी एकाच रांगेत.

फरक एवढाच, की निपाणीतल्या बायकांनी तो कागद वापरला. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांनी युनियन बांधली, संप केला. 'युगांतर' या बायकांच्या गटानं १९८२ मध्ये त्यावर माहितीपट केला. त्याच्या आदल्या वर्षी, १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये, शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकरी भावासाठी पुणे-बेंगळुरू महामार्गावर ठाण मांडून बसले होते. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मेले. त्याच वर्षी पुण्यात इन्फोसिस सुरू झाली आणि १९८३ मध्ये बेंगळुरूला गेली. आज आपण बॅग घेऊन रात्रीच्या बसनं जातो तो हाच रस्ता.

आता काहीजण म्हणतील, आधी सीमाप्रश्न सुटू दे, मग बाकीचं. अरे, २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. तोवर पोरांनी पाठीच्या कण्याचं काय करायचं? काहीजण म्हणतील, आपण इंजिनिअर, कामगार नव्हे. महिन्याच्या शेवटी पगाराची वाट बघणारा कामगारच असतो. आणि काहीजण म्हणतील, बेंगळुरूची युनियन म्हणजे कन्नड लोकांची, आपलं तिथं काय काम?

ह्याचं उत्तर माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतं. तो गदगचा. १ नोव्हेंबरला ऑफिसात लाल-पिवळे शेले असतात, राज्योत्सव असतो. त्या दिवशी आपल्याकडं काळा दिवस असतो, म्हणून मी रजा टाकतो आणि कारणात 'घरगुती' एवढंच लिहितो. त्याला खरं कारण माहीत आहे. आम्ही त्यावर भांडलोय, पुन्हाही भांडू. पण एका वर्षी त्याच दिवशी माझा ऑन-कॉल आला होता, आणि तो त्यानं न विचारता स्वतःकडं घेतला. चौदा तासांचा प्रस्ताव आला तेव्हा मला मेसेज करणाराही तोच होता. आपल्या ग्रुपमधलं कुणी नव्हतं, हे मला जास्त लागलं.

सीमेबद्दलची माझी भूमिका ह्यानं एक इंचही बदलत नाही. पण हक्क मागायची सवय ही एकच सवय आहे. १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करणारा माणूस सोमवारी मॅनेजरपुढे "चालेल सर" म्हणून रात्र देऊन टाकत असेल, तर ती सवय कुठंतरी तुटली आहे.

म्हणून तीनच गोष्टी सुचवतो. नेमणूक पत्र काढून कामाचे तास काय लिहिलेत ते वाचा. रोज किती तास काम केलं ते स्वतःच्या वहीत लिहा, कंपनीच्या लॅपटॉपवर नको. आणि ह्या पानाच्या कार्यकर्त्यांना विनंती, पुढच्या युवा मेळाव्यात एक तास आयटीतल्या पोरापोरींसाठी ठेवा, कामगार कायदा जाणणारा वकील बोलवा. कुणाला युनियनमध्ये जायचं असेल तर उघडपणे जाऊ दे, त्याला फितूर म्हणू नका.

मी वही सुरू केली आहे. पहिल्या आठवड्याची बेरीज ६१ आली. दिवाळीला घरी जाईन तेव्हा आज्जी पुन्हा विचारणार. तासाचं किती ते सांगता येणार नाही, पण तास किती ते तरी सांगता येईल.

जय महाराष्ट्र!