धमकीखालचं नाव म्हणजे पुरावा नव्हे

मे 2025 मध्ये पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाला बॉम्बच्या धमकीचा ईमेल आला. इमारत रिकामी करून तपासली, काहीच सापडलं नाही. तरी वसई-विरारमध्ये अशी बातमी कुणी हसण्यावारी नेत नाही. 11 जुलै 2006 च्या लोकल स्फोटांत याच मार्गावरची माणसं गेली. पोलिसांनी प्रत्येक धमकी गांभीर्यानेच घ्यावी. प्रश्न आहे तो धमकीखाली लिहिलेल्या नावाचा.

सप्टेंबर 2025 मध्ये अनंत चतुर्दशीच्या तोंडावर मुंबई वाहतूक पोलिसांच्या व्हॉट्सॲपवर संदेश आला: 34 गाड्यांत मानवी बॉम्ब, 400 किलो आरडीएक्स, खाली 'लष्कर-ए-जिहादी'. त्याच आठवड्यात मुंबईतल्या मुस्लिमांनी विसर्जनाला अडचण नको म्हणून ईद-ए-मिलादचा जुलूस 8 तारखेवर नेला होता. नोएडातून पकडलेला माणूस ज्योतिषी निघाला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार, जुन्या वादातून एका मुस्लिम परिचिताला अडकवण्यासाठी त्याने हे केलं.

हा पहिला प्रकार नाही. अयोध्येतल्या 22 जानेवारी 2024 च्या सोहळ्याआधी राम मंदिर आणि मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांना उडवण्याची धमकी आली. ईमेल आयडी मुस्लिम नावांचे होते. उत्तर प्रदेश एसटीएफने अटक केलेले दोघे हिंदू. महाकुंभाला मुस्लिम नावाने आलेल्या धमकीतही बिहारमधला एक हिंदू तरुण पकडला गेला.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ईमेल खातं उघडताना नावाच्या रकान्यात काहीही टाइप करता येतं. खरा पाठवणारा सापडतो तो आयपी ॲड्रेस, सिम, मोबाइल आणि लॉगिनच्या नोंदींवरून. त्याला वेळ लागतो. नाव मात्र पाच मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर पोहोचतं, आणि अटकेची बातमी तिथे सहसा येतच नाही.

म्हणून तीन गोष्टी करूया. धमकीचा स्क्रीनशॉट पुढे पाठवायचा नाही; 112 वर कळवायचं. कुणी नावावरून बोट दाखवलं तर भांडायचं नाही आणि माफीही मागायची नाही. तपास कुठवर आला, एवढंच विचारायचं. आणि अटक झाली की ती बातमी त्याच ग्रुपवर टाकायची. आरोपी मुस्लिम निघाला तरी टाकायची. निनावी धमकीला भारतीय न्याय संहितेचं कलम 351 सगळ्यांना सारखंच लागतं. आपल्याला सवलत नको आहे. तपास पूर्ण होईपर्यंत नाव वाचून निकाल देऊ नका, एवढीच आपली मागणी आहे.