कुंपणाआतले बहुविद्याशाखीय संशोधन

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने बहुविद्याशाखीय संशोधनाचा उद्घोष केला आणि विद्यापीठांची परिपत्रके त्या शब्दाने फुलून गेली. पण महाराष्ट्रात विद्याशाखा आहेत कोठे? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. त्यातील श्रम आणि समाज यांचा अभ्यास छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाकडे, ऊस आणि पाणी परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे, वैद्यक नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. एकच बाई, तीन कुलगुरू! आणि अंतर्गत निधी ज्याच्या त्याच्या कुंपणाआत. मुकादमाची उचल, खाडा झाल्यास होणारा दंड आणि खासगी रुग्णालयाचे बिल एकाच हिशेबात मांडू पाहणाऱ्या अध्यापकाने अर्ज करावा तरी कोणाकडे?

हा पैसा कुलगुरूंच्या खिशातला नव्हे. विद्यापीठाच्या तिजोरीत विद्यार्थ्यांचे शुल्क आहे, ऊसतोड कामगारांच्या मुलांचेही आहे. तिन्ही विद्यापीठांनी आपापला वाटा काढून सामाईक निधी उभारावा, अर्ज एकच असावा, छाननी समितीही एकच असावी आणि तीवर ऊसतोड स्त्रियांची प्रतिनिधी घ्यावी, ही मागणी अधिसभेतील पुरोगामी सदस्यांनी लावून धरली पाहिजे.