पूर्वार्धाचा आंकडा

नलोपाख्यानांतील ऋतुपर्ण राजाची कथा आमच्या वाचकांस विदित असेलच. जातां जातां रथांतून एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्यानें दोन फांद्यांवर २०९५ फळें आहेत असें सांगितलें. नळानें रथ थांबवून मोजून पाहिलीं, तों संख्या तंतोतंत जुळली. हाच गणक द्यूताच्या रहस्याचाही जाणता होता. संख्येचा अंदाज आणि द्यूत यांचें नातें इतकें जुनें आहे. सध्यां अमेरिकेंत त्यास जें नवें रूप आलें आहे, त्याचा विचार या वेळीं करूं.

तेथील व्यावसायिक बास्केटबॉलच्या सामन्याचा पूर्वार्ध २४ मिनिटांचा असतो. चेंडू हातीं आल्यावर २४ सेकंदांच्या आंत तो टोपलीकडे फेंकला पाहिजे, असा नियम १९५४ सालापासून आहे. तत्पूर्वीं, १९५० सालीं, एक सामना अवघ्या १९ विरुद्ध १८ गुणांवर संपला होता! या नियमामुळें खेळास ठराविक गति आली. पूर्वार्धांत प्रत्येक संघाकडे चेंडू सुमारें पन्नास वेळां येतो, आणि दर वेळीं सरासरीनें एकाहून किंचित् अधिक गुण पडतो. म्हणजे दोहों संघांची बेरीज ११० ते १२० च्या आसपास. उत्तरार्धांत पिछाडीचा संघ घड्याळ थांबविण्यासाठीं मुद्दाम नियमभंग करतो, बरोबरी झाल्यास जादा वेळही मिळतो. पूर्वार्ध या भानगडींपासून मुक्त असल्यानें हिशेबाला सरळ पडतो.

याच बेरजेवर आतां भाकितांचा बाजार भरतो. 'बेरीज ११४॥ च्या वर जाईल' असा एक करार समजा. अर्धा गुण कोणासच मिळत नाहीं. तो केवळ बरोबरी टाळण्यासाठीं. भाव ५४ सेंट असेल तर 'होय' म्हणणारा ५४ सेंट भरतो, 'नाहीं' म्हणणारा ४६. ज्याचें खरें ठरेल तो पुरा डॉलर नेतो. म्हणजे बाजाराच्या मतें ती गोष्ट घडण्याचा संभव शेंकडा ५४. अनेकांचें ज्ञान अशा रीतीनें एका आंकड्यांत उतरतें, ही कल्पना मूळची विद्वानांची. आयोवा विद्यापीठांतील अध्यापकांनीं १९८८ सालीं अध्यक्षीय निवडणुकीवर असा लहानसा बाजार संशोधनार्थ उघडला होता. २०२५ च्या आरंभीं काल्शी नामक कंपनीनें खेळांवरील करार विकण्यास सुरुवात केली. हा कायदेशीर वायदा आहे, असें तिचें म्हणणें. हा जुगारच आहे, असें नेवाडा, न्यू जर्सी इत्यादि राज्यांचें. वाद कोर्टांत गेला.

नांव कोणतें द्यावें तें न्यायाधीश ठरवितील. गृहस्थानें मात्र एकच प्रश्न विचारावा : या भावाचें प्रयोजन काय? कापसाचा वायदा करणारा शेतकरी उद्यांच्या मंदीपासून आपलें पीक सांभाळतो. पूर्वार्धांत ११४ ऐवजीं ११५ गुण झाले, तर कोणाचें पीक बुडतें? मुंबईनें हा धडा पूर्वींच घेतला आहे. न्यूयॉर्कच्या कापूस-बाजाराचे उघडते व मिटते भाव तारेनें येत, आणि त्या आंकड्यांवर लोक पैजा लावीत. पुढें १९६० च्या सुमारास ते भाव येणें थांबलें, तेव्हां मडक्यांतून चिठ्ठ्या काढून आंकडा ठरूं लागला. तोच मटका. कापूस गेला, आंकडा राहिला, आणि कित्येक गिरणी-कामगारांचे पगार त्यांत गेले.

शिवाय डाव जितका लहान, तितका तो बिघडविणें सोपें. टोरोंटोच्या संघांतील जोन्टे पोर्टर हा खेळाडू आजाराचें निमित्त सांगून सामन्यांतून लवकर बाहेर पडला. त्याचे गुण कमी राहतील अशा पैजा साथीदारांनीं लावल्या होत्या. तो स्वतःच जुगाराच्या कर्जांत बुडालेला होता. २०२४ सालीं त्यास आजन्म बंदी झाली. संघ हरविण्याची गरज नव्हती. एका माणसानें कमी खेळणें पुरेसें होतें.

आपल्याकडे पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा २०२५ च्या ऑगस्टांत संमत झाला. परंतु आपल्या अनेक घरांतील मुलें अमेरिकेंत शिकावयास अथवा नोकरीस आहेत, आणि तेथें हा बाजार त्यांच्या खिशांतील फोनांतच आहे. मूर्ख मुलापेक्षां हुशार मुलाचीच काळजी अधिक. कारण आपल्याला गणित येतें, हा त्याचा भरंवसा. त्यास रागें भरूं नये, गणितच दाखवावें. एकाचा लाभ ती दुसऱ्याची हानि; त्यांतून बाजाराची दलाली वजा जाते; म्हणून सर्व खेळणारांच्या लाभ-हानीची बेरीज शून्याच्याही खालीं राहते.

तरीही त्यास मोह पडला, तर एक वही घालण्यास सांगावें. महिनाभर, एक सेंटही न लावतां, आपलें भाकित, बाजाराचा भाव, दलाली व निकाल रोज तींत मांडावा, आणि महिन्याअखेरीस बेरीज स्वतःच करून घरीं कळवावी. आम्हांस वाटतें, पुढील उपदेशाचें काम ती बेरीजच करील.