दहा ग्राहक, दहा कोड? हा धंदा नाही, डोकेदुखी आहे!



समजा तुम्ही दुकानदारांसाठी बिलिंगचं ॲप बनवता. किराणावाल्याला बारकोड हवा, मेडिकलवाल्याला एक्स्पायरी डेट, हॉटेलवाल्याला टेबल नंबर. मग बरेच जण काय करतात? जुना कोड कॉपी करायचा, फोल्डरला ग्राहकाचं नाव द्यायचं, थोडे बदल करायचे आणि देऊन टाकायचं. दोन-तीन ग्राहकांपर्यंत हे चालूनही जातं. पण माझं स्पष्ट मत आहे, हा स्वतःच्याच पायावर मारून घेतलेला धोंडा आहे.

सप्टेंबर २०२५ आठवा. ३ तारखेला जीएसटी कौन्सिलने नवे दर ठरवले आणि २२ तारखेला, ऐन घटस्थापनेला, ते लागू झाले. हातात फक्त १९ दिवस! ज्याचा कोड एकच, त्याचा बदल एकदाच. ज्याच्याकडे दहा कॉप्या, त्याला तेच काम दहा वेळा. त्यातली एक जरी राहिली तरी दुकानदाराचं बिल चुकणार, आणि फोन तुम्हालाच येणार.

मग करायचं काय?

१. कोड एक, कॉन्फिगरेशन वेगळं. लोगो, नाव, कोणती सोय चालू आणि कोणती बंद, हे सगळं सेटिंगमध्ये ठेवा. कराचे दर तर कोडमध्ये नकोतच, ते टेबलमध्ये. अँड्रॉइडमध्ये यासाठी ‘प्रॉडक्ट फ्लेवर’ची सोय आहे. ३ फ्लेवर आणि डीबग-रिलीज असे २ प्रकार, म्हणजे एकाच कोडमधून ६ ॲप.

२. ही सहा ॲप हाताने बनवू नका. कंटिन्युअस इंटिग्रेशन म्हणजे कोड जमा केला की सर्व्हर आपोआप बिल्ड करतो, चाचण्या चालवतो. जेनकिन्स फुकट आहे. गिटहब ॲक्शन्समध्ये ‘मॅट्रिक्स’ला यादी दिली की प्रत्येक जोडीचं काम तो वेगळं चालवतो. फक्त तिथलं ‘फेल-फास्ट’ बंद करा. नाहीतर एक बिल्ड फसला की बाकीचेही थांबतात, आणि नक्की कुणाकुणाचं ॲप बिघडलंय ते कळत नाही.

३. प्रत्येक वेळी सगळं बिल्ड करू नका. गिटहबच्या मोफत खात्यात खासगी कोडसाठी महिन्याला २००० मिनिटं मिळतात. १० मिनिटांचे ६ बिल्ड एकाच वेळी चालले तरी ६० मिनिटं मोजली जातात. म्हणजे ३३ वेळा चालवलं की कोटा संपला! रोजच्या बदलाला एकच डीबग बिल्ड पुरे. सगळे रिलीज बिल्ड ग्राहकाला द्यायच्या आधी.

आता तुम्ही म्हणाल, “सर, मी एकटाच आहे, हे मोठ्या कंपन्यांचं काम.” अहो, उलट आहे! मोठ्या कंपनीकडे दहा कॉप्या सांभाळायला दहा माणसं असतात. तुमच्याकडे फक्त तुम्ही आहात.

आणि शेवटचं, धंद्याचं. ग्राहकाची मागणी सेटिंगमध्ये बसत नसेल, तर तिचे वेगळे पैसे सांगा किंवा नम्रपणे नाही म्हणा. “करून देतो साहेब” म्हणायला एक सेकंद लागतो, पण ती कॉपी पुढे वर्षानुवर्षं सांभाळावी लागते.

आज एकच काम करा. तुमच्याकडे कोडच्या किती कॉप्या आहेत ते मोजा. एकापेक्षा जास्त असतील, तर नवा ग्राहक घ्यायच्या आधी त्या एकत्र करा.