परदेशी विद्या आणि स्वदेशी मनाई

परदेशी शिक्षणासाठी सरकारने द्यावयाच्या शिष्यवृत्त्यांचे नियम गेल्या काही वर्षांत ज्या रीतीने बदलले गेले, त्या बदलांचे हिरीरीने समर्थन करणारा एक लेख एका विद्वान गृहस्थांनी अलीकडे लिहिला असून, तो वाचून ज्यांना परम संतोष झाला अशा मंडळींत दुर्दैवाने माझे काही स्नेहीही आहेत. एरवी मी तो वाचून घडी करून ठेवला असता. गृहस्थांचे म्हणणे थोडक्यात असे. शिष्यवृत्तीचा पैसा हा करदात्यांचा पैसा. तो थोड्यांवर खर्च होणार. तेव्हा जे येथे शिकता येत नाही तेवढ्यापुरताच तो खर्च व्हावा. भारताचा इतिहास, भारताची संस्कृती, भारतातील समाजव्यवस्था यांचा अभ्यास भारतात होतो, ग्रंथ येथे आहेत, जाणकार येथे आहेत. त्यासाठी लंडन-न्यूयॉर्क गाठणे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. गुणांची अट कडक हवी, विद्यापीठ जागतिक क्रमवारीत वरचे हवे, उत्पन्नाची मर्यादा हवी, आणि गेलेली मुले परतत नाहीत सबब जामीनही भक्कम हवा. एवढे झाल्यावर त्यांनी असाही शेरा मारला आहे की नियमांविरुद्ध ओरडणारे बहुधा नियमांत न बसणारेच असतात. हा शेरा खरा आहे. तुरुंगाच्या भिंतीविरुद्धची तक्रारही बहुधा आतलेच लोक करतात.

ज्या नियमाचा हा गौरव चालला आहे तो आधी नीट पाहावा. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती 1954-55 पासून चालू आहे. ती अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलामुलींसाठी आहे. वर्षाला जागा 125. त्यांतल्या 115 अनुसूचित जातींच्या, 6 विमुक्त-भटक्यांच्या आणि उरलेल्या 4 शेतमजूर व कारागीर यांच्या मिळून. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे, अर्जदाराचे वय पस्तिसाच्या आत हवे. 2022 च्या फेब्रुवारीत या योजनेच्या नियमावलीत एक नवे कलम घालण्यात आले, आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारताविषयीचे सामाजिक संशोधन हा ज्यांचा विषय, त्यांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही असे ठरले. कोणता विषय या सदरात मोडतो याचा अखेरचा निर्णय निवड-समितीकडे ठेवण्यात आला. म्हणजे विद्यार्थ्याने विषय निवडावा, परदेशी विद्यापीठाने तो पसंत करून प्रवेश द्यावा, आणि मग दिल्लीच्या एका खोलीत तो विषय अतिभारतीय ठरून बाद व्हावा.

आता हा कळसा नेमका कोणाच्या काखेत आहे ते पाहू. मराठ्यांच्या इतिहासाचा विद्यार्थी घ्या. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांचे ढीग आहेत आणि ते वाचायला एक आयुष्य पुरणार नाही, हे मला मान्य आहे. परंतु सुरत आणि राजापूर येथील इंग्रजांच्या वखारींतून लिहिली गेलेली पत्रे, ज्यांत शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या खबरी नोंदलेल्या आहेत, ती लंडनमध्ये इंडिया ऑफिसच्या संग्रहात. वेंगुर्ल्याला वखार घालून बसलेल्या डचांचा पत्रव्यवहार हेग येथे. गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी लिस्बनला धाडलेले कागद लिस्बनलाच. आणि पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा बंदोबस्त करणाऱ्या एल्फिन्स्टनचे कागदपत्र पुन्हा लंडनला. इंग्रजी पत्रांतील निवडक मजकूर 1931 साली पुण्यात ‘इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी’ या नावाने छापला गेला, आणि तेव्हापासून आपल्याकडील कित्येक चरित्रकार त्या निवडीवर सुखेनैव गुजराण करीत आले आहेत. पण न निवडलेल्या कागदांत काय असावे हे जाणून घेण्याची इच्छा एखाद्या भूमिहीन शेतमजुराच्या मुलाला झाली, तर तिची तजवीज या नियमांत नाही. ज्यांनी आपल्यावर राज्य केले ते जाताना राज्य ठेवून गेले आणि दफ्तर घेऊन गेले, ही गोष्ट सदर गृहस्थांच्या लक्षात कोणी आणून दिली नसावी.

कागदपत्रांपेक्षाही मोठा मुद्दा दृष्टीचा आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी 1913 साली एका पदवीधर तरुणाला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. या तरुणाने तेथे अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6 आणि मानववंशशास्त्राचे 4 अभ्यासक्रम घेतले. त्याच्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय प्राचीन भारतातील व्यापार; आणि 9 मे 1916 रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्याने जो निबंध वाचला त्याचा विषय भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास. पुढल्या वर्षी हा निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. 2022 चे कलम 1913 साली बडोद्याच्या दरबारात लागू असते, तर भीमराव रामजी आंबेडकर या अर्जदाराच्या पहिल्या दोन्ही विषयांवर तांबडी रेघ ओढली गेली असती. लंडनचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध कदाचित सुटला असता. रुपयाला वारसा समजावे की चलन, यावर समितीत मतभेद होण्याचा संभव आहे.

यावर उत्तर ठरलेले आहे, आणि ते मी सदर गृहस्थांच्या वतीने स्वतःच देऊन टाकतो: तेव्हा येथे विद्यापीठांत समाजशास्त्र नव्हते, आज आहे. बरे, ते येथे आले कसे? मुंबई विद्यापीठाने गोविंद सदाशिव घुर्ये यांना शिष्यवृत्ती देऊन समाजशास्त्र शिकण्यासाठी विलायतेस धाडले, केंब्रिजला रिव्हर्स यांच्या हाताखाली त्यांनी काम केले, आणि परतल्यावर मुंबईत त्या विषयाची गादी चालवून पुढल्या दोन पिढ्यांचे प्राध्यापक घडवले. ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ हा त्यांचा ग्रंथ 1932 चा. घुर्यांच्या निष्कर्षांशी माझे जमत नाही, आणि त्यांच्यावर झालेली पुष्कळशी टीका मला रास्त वाटते. पण जातीचा अभ्यास करू पाहणाऱ्याला केंब्रिजला पाठवणे म्हणजे पैशाची नासाडी, असे त्या विद्यापीठाच्या सिंडिकेटला वाटले असते तर आज टीका करायलाही ग्रंथ उरला नसता. विद्या एकदा आयात केली की पुरते, मग जकातनाका बंद करावा, ही कल्पना साखरेला लावता येईल. त्याहून मागे जायचे, तर 1886 साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्या आनंदीबाई जोश्यांचा प्रबंध कशावर होता? आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर. त्या सरकारी पैशाने गेल्या नव्हत्या, हे बरेच झाले म्हणायचे.

प्रतिपक्षाच्या उपयोगी पडेल असेही एक उदाहरण देतो. इरावती कर्वे बर्लिनला गेल्या आणि त्यांनी डॉक्टरेट मिळवली ती मानवी कवट्यांच्या असमितीवर. मराठी लोकांची संस्कृती आणि भारतातील आप्तसंबंध हे विषय त्यांनी नंतर, स्वदेशी येऊन हाताळले. तेव्हा परदेशात कवट्या मोजाव्या आणि भारताकडे मग वळावे, हा मार्ग काहींना मानवतो हे खरे. परंतु एकीला मानवला म्हणून तो सर्वांवर सक्तीने लादावा, हे तर्काच्या कोणत्या पुस्तकात सांगितले आहे?

येथे एका जुन्या वादाची आठवण होते. समुद्र ओलांडून आलेल्याला पंक्तीत घ्यावे की नाही, यावर आपल्या पणजोबांच्या पिढीने रकानेच्या रकाने भरले. त्या वादातील सनातन पक्षाची भीती परक्या अन्नाची जितकी होती, तितकीच, किंबहुना त्याहून अधिक, ही होती की बाहेर जाऊन आलेला मनुष्य घरातल्या व्यवस्थेकडे परक्याच्या डोळ्यांनी पाहू लागतो आणि मग त्याला पूर्वी न दिसलेल्या गोष्टी दिसतात. प्रायश्चित्त घेतले की तोंड शुद्ध होई. डोळ्यांचे काय करावे हे कोणत्याच निबंधग्रंथात नव्हते. पुढे पुष्कळ वर्षांनी एका परिसंवादात याच पक्षाचे एक आधुनिक वंशज मला म्हणाले की यंत्रविद्या शिकायला मुलांनी खुशाल जावे, समाज समजून घ्यायला घर पुरे. मी त्यांना विचारले होते की यंत्रे तर आता घरीही पुष्कळ झाली, मग तेथे का जावे? त्यावर अध्यक्षांनी वेळ संपल्याची घंटा वाजवली.

या कलमातील सर्वांत बोचणारी गोष्ट मात्र अजून सांगायची राहिली आहे. अमेरिकेतील मिनियापोलिसमध्ये जन्मलेल्या गेल ऑम्व्हेट यांनी बर्कलीच्या विद्यापीठात पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहिला; त्यांच्याही आधी, 1969 साली, एलिनॉर झेलियट यांनी पेनसिल्व्हानियाच्या विद्यापीठात आंबेडकरी चळवळीवर लिहिला; आणि या दोघींचे ऋण महाराष्ट्राने मोकळ्या मनाने मान्य केले आहे, ऑम्व्हेट तर सांगली जिल्ह्यातील कासेगावच्या रहिवासीच झाल्या. पण त्याच कासेगावच्या एखाद्या मातंगाच्या मुलीने बर्कलीला जाऊन त्याच सत्यशोधक चळवळीवर लिहायचे म्हटले, तर तिचा अर्ज निकालात निघणार. बापाच्या पैशाने जाणाऱ्याला विषयाची मोकळीक, परक्या देशाच्या पैशाने येथे येऊन आपल्यावर लिहिणाऱ्याला स्वागताचा हार, आणि ज्यांचे जगणे हाच त्या शास्त्राचा विषय, त्यांनाच तेवढी मनाई! एखाद्या सरकारला ही मनाई सुचणे मी समजू शकतो. एका विद्वानाला तीत काटकसर दिसावी, हे समजायला मात्र मला वेळ लागला.

बाकीचे मुद्दे एकेका वाक्याचे आहेत. गुणांविषयी म्हणायचे तर, उपरोक्त बडोद्याच्या शिष्याला मॅट्रिकला 750 पैकी 282 गुण होते. आणि 2024 साली महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांचे नाव धारण करणाऱ्या परदेश शिष्यवृत्तीला 75 टक्क्यांची अट जेव्हा जोडण्यात आली, तेव्हा गदारोळ होऊन ती सैल करावी लागली, यात शाहू महाराजांच्या नावाची काही अब्रू राहिली. क्रमवारीविषयी: विद्यापीठ पहिल्या शंभरात असते, मार्गदर्शक कधीकधी चारशेव्यात. उत्पन्नाची मर्यादा मला मान्य आहे. आणि न परतण्याविषयी: बडोद्याने तर दहा वर्षे चाकरी करण्याचा करार लिहून घेतला होता, मनुष्य करार पाळायला 1917 साली बडोद्यास रुजूही झाला, आणि त्या शहरात त्याला राहायला कोणी खोली दिली नाही; एका पारशी धर्मशाळेतून अकरा दिवसांत बाहेर पडावे लागले. करार कोणी मोडला, हे गृहस्थांनी ठरवावे.

नियमाचा कडकपणा एकतर्फी असतो याचा दाखला 2025 च्या जुलै महिन्याच्या आरंभी मिळाला. त्या वर्षी याच राष्ट्रीय योजनेत 106 उमेदवार निवडले गेले, आणि त्यांपैकी पहिल्या 40 जणांनाच शिष्यवृत्तीची पत्रे धाडण्यात आली. उरलेल्या 66 जणांना निधी उपलब्ध झाल्यास पत्रे मिळतील असे कळवण्यात आले, कारण खर्चाची मंजुरी मंत्रिमंडळाच्या समितीकडे अडकली होती. अर्जदाराने मुदत एक दिवस चुकवली तर अर्ज रद्द. खजिन्याने चुकवली तर ‘उपलब्ध झाल्यास’. सप्टेंबरात वर्ग सुरू होणार, व्हिसासाठी पैशाचा पुरावा हवा, विद्यापीठाला अनामत हवी, आणि हातात एक सशर्त पत्र! ‘करदात्यांचा पैसा’ या शब्दांनी गृहस्थांनी लेखाला आरंभ केला, पण करदात्याने दिलेल्या वचनाची किंमत त्यांनी कोठे मांडलेली मला दिसली नाही.

मग काय करावे, असे कोणी विचारील. माझ्याजवळ मोठी योजना नाही. विषयाचे कलम काढून टाकावे आणि विषयाचे गुणदोष त्या विषयातील दोन जाणकारांनी लेखी अभिप्राय देऊन ठरवावे. अभिप्राय अर्जदाराला दाखवावा. जेवढ्यांची निवड जाहीर होईल तेवढ्यांचा पैसा निवडीपूर्वीच मंजूर असावा, आणि नसेल तर यादी लहान असावी, पण सशर्त नसावी. परदेशी विद्यापीठे पुढील वर्षाचे अर्ज बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारीत घेतात आणि वसंतात निकाल देतात. आपल्या शिष्यवृत्तीचे अर्ज त्याच हंगामात मागवून एप्रिलअखेर निर्णय कळवता येईल, म्हणजे मुलाला अनामत भरण्यासाठी गावातल्या सावकाराकडे जावे लागणार नाही. हे शेवटचे काम करायला कायदा नको, समिती नको, नवा पैसाही नको. खात्याच्या वार्षिक वेळापत्रकात दोन तारखा बदलल्या की ते होते.