खोक्यावरचा आकडा आणि तराजू

पूर्वी पेठेतल्या दुकानातून रेडिओ विकत घेताना गिऱ्हाईक तो दुकानातच लावून पाहत असे. खरखर आली तर दुसरा काढायला लावी आणि पावतीवर दुकानदाराची सही घेऊनच घरी जाई. पैसे देण्यापूर्वी वस्तूची परीक्षा होत असे, ही त्या व्यवहारातली महत्त्वाची गोष्ट. आता तीस-चाळीस हजारांचा मोबाइल किंवा साठ हजारांचा लॅपटॉप आपण छायाचित्र पाहून मागवतो. परीक्षा झालीच तर पैसे गेल्यानंतर होते. सोय मोठी आहे यात शंका नाही. तालुक्याच्या गावी जी वस्तू मिळणे दुरापास्त होते ती आज चार दिवसांत दारात येते. परंतु परीक्षेचे काम आता कोणाचे, हा प्रश्न विचारायलाच हवा. माझे मत असे की सध्या ते कोणाचेच नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करू. ज्याला आपण ऑनलाइन दुकान म्हणतो ते बहुधा दुकान नसून बाजार असतो. परदेशी भांडवल असलेल्या कंपन्यांना आपल्या देशात साधारणपणे स्वतःच्या मालकीचा माल थेट ग्राहकाला विकण्याची परवानगी नाही. त्यांनी बाजार भरवावा आणि विक्रेत्यांनी तेथे माल मांडावा, असा नियम आहे. म्हणून वस्तूच्या किमतीखाली बारीक अक्षरांत विक्रेत्याचे वेगळे नाव असते. एकाच कॅमेऱ्याच्या पानावर चार-पाच विक्रेते असू शकतात. त्यांतला एखादा अधिकृत, तर दुसरा परदेशातून परस्पर आणलेला माल विकणारा, ज्याच्यावर कारखानदाराची हमी भारतात बहुधा लागू होत नाही. वरचे तारे आणि अभिप्राय मात्र सर्वांसाठी सामाईक!

कंपन्या म्हणतात, आम्ही फक्त जागा दिली. आठवडी बाजारात ग्रामपंचायत जागा देते आणि पट्टी घेते, कांदा सडका निघाला तर आपण सरपंचाला धरत नाही, हे खरे. पण ग्रामपंचायत कांद्याचे पैसे स्वतः घेत नाही, कांदा स्वतःच्या गोदामात ठेवीत नाही, की पोत्यावर आपला शिक्का मारून तो घरपोच करीत नाही. हे सर्व जो करतो त्याने पोते एकदा उघडून पाहावे, अशी अपेक्षा केल्यास ती अवाजवी ठरू नये.

आता फसवणूक कशी होते ते पाहू; कारण तिच्यात भौतिकशास्त्र आहे. आमच्या एका विद्यार्थ्याने ‘२ टेराबाइट’चा पेनड्राइव्ह प्रयोगशाळेत आणला होता. संगणकाला जोडल्यावर क्षमता बरोबर २ टेराबाइट दिसे. ही क्षमता संगणक स्वतः मोजत नाही. पेनड्राइव्हमधील नियंत्रक चिपला तो ती विचारतो आणि मिळालेले उत्तर पडद्यावर दाखवतो. त्या चिपला खोटे उत्तर शिकवून ठेवणे अवघड नाही. अशी कल्पना करा, की एका धर्मशाळेत ३२ खोल्या आहेत, पण फळीवर २००० किल्ल्या टांगल्या आहेत. तेहतिसावा यात्रेकरू येतो, किल्ली घेतो आणि ती पहिल्याच खोलीला लागते. आत झोपलेल्या माणसाचे सामान बाहेर जाते. व्यवस्थापकाच्या वहीत मात्र दोघांचीही नावे व्यवस्थित नोंदलेली! काही बनावट पेनड्राइव्हमध्ये नेमके हेच घडते; इतरांत जास्तीची माहिती सरळ टाकून दिली जाते. फाइलींची नावे दिसतात, फाइली उघडत नाहीत.

याची खात्रीची चाचणी एकच. सबंध क्षमता भरेल इतकी ओळखीची माहिती लिहायची, परत वाचायची आणि ताडून पाहायची. त्यासाठी ‘एफ३’सारख्या मोफत आज्ञावल्या मिळतात. पण वेळेचा हिशेब करा. लिहिण्याचा वेग सेकंदाला १० मेगाबाइट धरला तर २ टेराबाइटसाठी २ लाख सेकंद, म्हणजे सव्वादोन दिवसांहून अधिक काळ लागेल. वाचण्याचा वेळ वेगळाच. आमच्या पेनड्राइव्हने एवढी वाट पाहायला लावली नाही. पहिल्या ३२ गिगाबाइटनंतरचे काहीही परत वाचता आले नाही.

मोबाइल भारित करण्याच्या पॉवर बँकेची परीक्षा त्यापेक्षा सोपी. तिच्यावर क्षमता मिलिअँपिअर-तासांत छापलेली असते. तिला आतील घटाच्या ३.७ व्होल्ट या दाबाने गुणून १००० ने भागले की वॅट-तासांत ऊर्जा मिळते. २०,००० मिलिअँपिअर-तास म्हणजे ७४ वॅट-तास. आजच्या चांगल्या लिथियम-आयन घटात किलोग्रॅममागे सुमारे २५० वॅट-तास ऊर्जा मावते. तेव्हा नुसत्या घटांचेच वजन ३०० ग्रॅमच्या आसपास हवे; वर कवच आणि विद्युत्‌मंडल. आता कोणी ‘५०,०००’ असे छापून २०० ग्रॅमची डबी विकत असेल, तर १८५ वॅट-तासांसाठी लागणारे पाऊण किलो घट त्याने कोठे लपवले? आणि एवढ्या क्षमतेची पॉवर बँक खरोखर असती तर विमानात नेताच आली नसती. कारण तेथे १६० वॅट-तासांच्या वरच्या घटांना मज्जाव आहे.

येथे प्रामाणिक कारखानदारावर अन्याय होऊ नये म्हणून एक खुलासा. ३.७ व्होल्टवरचे २०,००० मिलिअँपिअर-तास ५ व्होल्टवर १४,८०० च होतात, आणि दाब वाढवताना काही ऊर्जा उष्णतेत जाते. त्यामुळे मोजमापात १२-१३ हजार आले तर ती लबाडी नव्हे. सचोटीचे उत्पादक हा दुसरा आकडाही लहान अक्षरांत छापतात.

अशा वस्तूंनाही चार-साडेचार तारे कसे मिळतात? अभिप्राय बहुधा वस्तू आल्याच्या दिवशी किंवा आठवड्यात लिहिला जातो. त्या वेळी ग्राहकाने काय पाहिलेले असते? खोके नीट आले, दिवा लागला, क्षमतेचा आकडा दिसला. पेनड्राइव्ह भरायला सहा महिने लागतात, घट फुगायला वर्षही लागू शकते. तोवर अभिप्राय बदलायला कोणी परत येत नाही. तारे टपालाची परीक्षा करतात, वस्तूची नव्हे. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आय. एस. १९००० हे मानक काढले, पण ते ऐच्छिक ठेवले. ते ऐच्छिक ठेवल्याने काय साधले, हे मला कळलेले नाही.

कायदा अगदीच दुबळा आहे असे मात्र नव्हे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचे नाव आणि पत्ता दाखवणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. मोबाइल, लॅपटॉप, अडॅप्टर, पॉवर बँक यांना मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची असून वस्तूवर ‘आर’ अक्षरापुढे आठ अंक असतात. ते ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तपासता येतात. तरीही मार्च २०२५ मध्ये ब्यूरोने दिल्लीतील एका बड्या ई-कॉमर्स कंपनीच्या गोदामावर छापा घातला, तेव्हा योग्य मानकचिन्ह नसलेली गीझर, मिक्सर अशी ३,५०० हून अधिक उपकरणे सापडली. गोदामात येणाऱ्या मालाची छाननी आधीच झाली असती तर छाप्याची गरज पडली नसती.

म्हणून माझी सूचना अशी. ज्या वस्तूचा दोष तपासायलाच अडीच-तीन दिवस लागतात, तिची परत करण्याची मुदत महिनाभराची तरी असावी, आणि गोदामात आलेल्या मालातून नमुने काढून ते मोजण्याची सक्ती बाजार चालविणाऱ्या कंपनीवरच व्हावी. तोवर शिक्षकांना एक काम सुचवतो. वर्गातल्या मुलांना घरची पॉवर बँक आणायला सांगा, वजन करा, वॅट-तास काढा आणि फळ्यावर तक्ता मांडा. किलोग्रॅममागे ३०० वॅट-तासांच्या वर जाणारी एखादी सापडली, तर विक्रेत्याच्या नावासह १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर कळवा. या कामाला प्रयोगशाळेचा तराजू नसला, तर किराणा दुकानातलाही चालेल.