पालावर जाण्याआधी गावात

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी तिथे आले होते. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, असे नंतर सांगितले गेले. तेवढ्यावरून ‘मुले पळवणारी टोळी’ असा ओरडा झाला, जमाव धावला, पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले गेले आणि तिथेच मारून टाकले गेले. गावाने कारभारासाठी बांधलेल्या खोलीत हे घडले, याचा विचार समाजकार्याच्या आपल्या क्षेत्रातल्या माणसांनी पुरेसा केलेला नाही, असे आम्हाला वाटते.

त्यानंतर बरोबर सहा वर्षांनी, १ जुलै २०२४ रोजी, भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०३(२) मध्ये पहिल्यांदाच असे लिहिले गेले की पाच किंवा अधिक जणांनी संगनमताने, वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा अशाच एखाद्या कारणावरून खून केला, तर त्या गटातला प्रत्येक जण मृत्युदंडाला किंवा जन्मठेपेला पात्र ठरेल. कलम ११७(४) मध्ये याच कारणांवरून जमावाने केलेल्या गंभीर दुखापतीसाठी सात वर्षांपर्यंत कैद आहे. आपले बहुतेक वाचक भटक्या-विमुक्तांच्या पालांवर, ऊसतोडीच्या अड्ड्यांवर, वीटभट्ट्यांवर नाहीतर शहरातल्या मजूर नाक्यांवर काम करतात. ‘जन्मस्थान’ आणि ‘भाषा’ हे दोन शब्द त्यांच्या रोजच्या कामातले आहेत. तरीही आपल्या प्रशिक्षणांत या दोन कलमांवर तासभरसुद्धा दिला जात नाही.

ही कलमे वापरायची तर खरी अडचण पुराव्याची आहे, आणि ती पहिल्या चोवीस तासांतच येते. जमाव सांगतो, ‘आम्हाला चोर वाटले म्हणून मारले.’ फिर्यादीतही तेवढेच उतरते: अज्ञात इसमांनी संशयावरून मारहाण केली. संशय नेमका कशावरून आला, हे कुणी विचारत नाही. वेशावरून? बोलीवरून? ‘कुठले रे तुम्ही’ या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरावरून? मारण्याआधी जे बोलले गेले ते शब्द, शिव्यांसकट, जसेच्या तसे जबाबात आले नाहीत, तर पुढे न्यायालयात ‘जन्मस्थानाच्या किंवा समुदायाच्या कारणावरून’ हा भाग सिद्ध करायला हाती काहीच उरत नाही. जखमी माणूस हे आपण होऊन सांगत नाही. त्याने ती बोलणी आयुष्यभर ऐकलेली असतात, त्यात नोंदवण्यासारखे काही आहे असे त्याला वाटतही नाही. ते विचारायचे काम कार्यकर्त्याचे आहे. दवाखान्यात शेजारी बसून, घाई न करता, त्याच्याच बोलीत विचारायचे आणि लिहून घ्यायचे.

आणखी एक गोष्ट, जी अनुभवी कार्यकर्त्यांकडूनही सुटते. नाथपंथी डवरी गोसावी महाराष्ट्रात भटक्या जमाती (ब) या प्रवर्गात येतात. त्यामुळे अनुसूचित जाती-जमातींसाठी असलेला अत्याचार प्रतिबंधक कायदा त्यांना लागू होत नाही. त्या कायद्यातली विशेष न्यायालये, साक्षीदारांचे प्रवासभत्ते, ठरलेली आर्थिक मदत यातले काहीही त्यांना हक्क म्हणून मागता येत नाही. फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत, पण बाकी महाराष्ट्रात विमुक्त जातीत. म्हणजे एकाच आडनावाच्या दोन कुटुंबांना, कोण मूळ कुठल्या जिल्ह्यातले यावरून, वेगळा कायदा लागतो. केस हातात घेताना पहिला प्रश्न ‘हा माणूस कोणत्या प्रवर्गातला’ हा असला पाहिजे. आणि उत्तर सहज मिळत नाही, कारण जातीच्या दाखल्यासाठी भटक्यांकडून २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांचे आजोबा बिऱ्हाड गाढवावर लादून गावोगाव फिरत होते, त्यांच्याकडे हा कागद कुठून येणार? शाळेचा दाखला नाही, सातबारा नाही, जन्माची नोंद नाही.

कागद नव्हते तेव्हाही ही माणसे शेकडो मैल फिरत होती आणि बहुधा सुखरूप परतत होती. कशाच्या जोरावर? आमचे उत्तर असे की त्यांची कला हाच त्यांचा परवाना होता. डौर वाजवत भैरवनाथाची, जोतिबाची गाणी म्हणणारा गोसावी दारात आला की घरातली म्हातारी सुपातून धान्य आणायची. पहाटे मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव आला तर कुत्री भुंकायची, पण माणसे घाबरायची नाहीत. गोंधळ्याचे संबळ, नंदीबैलाची गुबूगुबू, पोतराजाचा आसूड: यातल्या प्रत्येक आवाजाला गावाच्या वर्षात एक ठरलेली जागा होती. कुणाला कुठल्या सुगीला काय द्यायचे, हेही ठरलेले होते. परका माणूस त्या आवाजामुळे ओळखीचा व्हायचा. बहुरूप्याचे तर आणखी वेगळे. तो फौजदार होऊन यायचा, दमदाटी करायचा, आणि सगळ्या गावाला ठाऊक असायचे की हे सोंग आहे. आज तोच वेश घालून तो अनोळखी वस्तीत शिरला तर तोतया पोलीस म्हणून मार खाईल. त्याच्या कलेत काही बदललेले नाही, बदलले आहेत ते पाहणारे.

हे बदलायला आपल्या कायद्यानेही हातभार लावला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने शेकडो जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण शिक्का गेला नाही, हे आपले सगळे वाचक जाणतात. त्यामानाने १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा कमी चर्चेत येतो. त्यातली भीक मागण्याची व्याख्या मुळातून वाचावी अशी आमची विनंती आहे. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे यांच्या बहाण्याने सार्वजनिक जागी दान मागणे किंवा घेणे हेसुद्धा भीक मागणेच, असे ती व्याख्या सांगते. बहाण्याने! ज्या कलेला आपण व्यासपीठावर लोककला म्हणून हार घालतो, तिला रस्त्यावर या कायद्याने बहाणा ठरवले. राईनपाड्यानंतर सुमारे पाच आठवड्यांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने या कायद्यातली अनेक कलमे घटनाबाह्य ठरवली. पण तो निकाल दिल्लीपुरता. महाराष्ट्रात ही व्याख्या बदलावी, निदान परंपरागत कलावंतांना तिच्यातून वगळावे, ही मागणी भटक्या-विमुक्तांच्या संघटनांनी आणि लोककलेच्या अभ्यासकांनी एकत्र येऊन करायला हवी. हे दोन गट एकाच माणसांसाठी काम करतात आणि एकमेकांच्या बैठकांना जात नाहीत.

कारण आपल्या संस्थांमध्ये दोन कप्पे पडले आहेत. एका कप्प्यात ‘संरक्षण’: पोलीस ठाणे, वकील, नुकसानभरपाई. दुसऱ्यात ‘संस्कृती’: महोत्सव, माहितीपट, कार्यशाळा. महोत्सवाला बोलावलेला गोंधळी मानधन घेऊन रात्री ज्या पालावर परततो, ते पाल पुढच्या आठवड्यात उठवले गेले तर संस्कृतीच्या कप्प्याला त्याची खबर नसते. आमचा महोत्सवांना विरोध नाही. पण टाळ्या वाजवणारे प्रेक्षक शहरातले असतात आणि दगड उचलणारा जमाव वेगळ्याच गावचा असतो, हे लक्षात घेतले तर कार्यक्रमाची जागा आपोआप बदलेल. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचा दाखला इथे उपयोगी आहे. तिथल्या ठाकर आदिवासी कलावंतांनी चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचे संग्रहालय शहरात नेले नाही. आपल्याच गावात, गुरांच्या गोठ्याचे रूप पालटून ते उभे केले. त्यामागचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पिंगुळीचे ठाकर एका जागी वसलेले आहेत, त्यांना एके काळी सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता. भटक्यांची गोष्ट तशीच्या तशी उभी राहणार नाही. पण कला कुणासमोर मांडायची, याचे उत्तर पिंगुळीच्या कलावंतांनी शेजाऱ्यांपासून सुरू केले, हे घेण्यासारखे आहे.

म्हणून आमचे सांगणे हे की पालावर जाण्याआधी कार्यकर्त्याने गावात गेले पाहिजे. स्थलांतरितांसोबतचे आपले जवळजवळ सगळे काम स्थलांतरितांवरच होते. त्यांना आधार कार्ड काढून द्या, त्यांना हक्क सांगा, त्यांना सावध करा. आधार कार्ड काढायलाच हवे, पण जमाव कार्ड वाचत नाही. ज्या गावांत ही माणसे जाणार आहेत तिथल्या पोलीस पाटलाशी, सरपंचाशी, आशाताईंशी, अंगणवाडी सेविकेशी, शाळेच्या मुख्याध्यापकांशी आधी बोलणे झाले असेल, तर ओरडा झाल्यावर ‘थांबा, हे अमक्या गावचे गोसावी आहेत’ असे म्हणणारा निदान एक माणूस तिथे असेल. जमलेच तर त्याही पुढे जावे. शाळेच्या अंगणात अर्धा तास डौर वाजू द्यावा, मुलांनी गोसाव्याला प्रश्न विचारू द्यावेत. ज्या मुलांच्या काळजीपोटी आईबाप हातात काठ्या घेतात, त्या मुलांना हा माणूस आधीच भेटलेला असू द्या.

राईनपाड्याच्या परिसरातल्या लोकांविषयी रागाने बोलून हे काम होणार नाही. साक्रीच्या आदिवासी पट्ट्यातली कितीतरी कुटुंबे स्वतः दर वर्षी ऊसतोडीला गुजरातेत जातात, तिथे परक्या मुलखात, परक्या भाषेत, झोपड्यांत राहतात. आपल्या मुलांची काळजी त्यांना खरोखर होती. त्या काळात फिरणाऱ्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरून आलेले लोक मूल उचलून नेताना दिसत होते. ती कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती आणि मूल परत सोडल्याचा तिचा शेवट कापलेला होता. हे कळायला गावाकडे कोणते साधन होते? जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश पुढे पाठवण्यावर एका वेळी पाच चॅटची मर्यादा जाहीर केली. अफवा त्याने मंदावली असेल, थांबली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या लवंगा इथे उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना पुन्हा मुले पळवणारे समजून मारहाण झाली. त्यांनी रस्ता विचारला होता, एका मुलाला.

आणि १०३(२) व ११७(४) ही कलमे फक्त भटक्यांसाठी आहेत असे समजून चालणार नाही. २००८ मध्ये महाराष्ट्रात उत्तर भारतीय टॅक्सीवाल्यांवर आणि परीक्षेला आलेल्या मुलांवर हल्ले झाले. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांमुळे ईशान्येकडचे विद्यार्थी आणि कामगार पुण्यातून गाड्या भरून निघून गेले. ‘भाषा’ हे कारण कायद्यात लिहिलेले आहे ते मराठी बोलणाऱ्याला परमुलखात जसे राखते, तसेच भोजपुरी बोलणाऱ्याला आपल्या नाक्यावर. आपल्यापैकी काहींना हे बोलणे जड जाते, स्थानिक राजकारण आड येते. पण आपले काम माणसाचे मूळ गाव पाहून बदलत असेल, तर त्याला समाजकार्य म्हणता येणार नाही.

मोठी घटना वर्तमानपत्रात येते. तिच्या आधीच्या लहान घटना कुठेच नसतात: हापशावरून हुसकणे, पालाला रात्री दगड, पोराला ‘चोराचा’ म्हणून वर्गात मागे बसवणे, ‘उद्या सकाळी दिसलात तर बघा’. त्यांची नोंद आपण ठेवली पाहिजे. तारीख, गाव, काय बोलले गेले, कुणाच्या समोर. फिरत्या माणसाला फिर्याद देणे जमत नाही ही सबब आता कमी झाली आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी जवळच्या ठाण्यात माहिती देता येते, आणि नोंदीची प्रत फुकट मिळाली पाहिजे. बिऱ्हाड पुढच्या जिल्ह्यात पोहोचले असेल तर तिथल्या ठाण्यात जा. वांशिक हिंसाचाराने किंवा तशा ओढवलेल्या संकटाने गांजलेल्यांना विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली मोफत वकील मिळतो. विधी सेवेचा १५१०० हा मदत क्रमांक पालावरच्या प्रत्येक फोनमध्ये असावा.

सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला प्रकरणात १७ जुलै २०१८ रोजी, राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, आदेश दिला की प्रत्येक जिल्ह्यात जमावाची हिंसा रोखण्यासाठी पोलीस अधीक्षकाहून खालच्या दर्जाचा नसलेला एक अधिकारी नेमावा, आणि त्याने अफवा व द्वेष पसरवणाऱ्यांची माहिती आधीच गोळा करावी. आपल्या जिल्ह्यात तो अधिकारी कोण, हे माहितीच्या अधिकारात विचारा. नाव आणि दूरध्वनी मिळाला की लहान घटनांची आपली वही घेऊन त्याला भेटा, आणि पुढच्या हंगामात कोणत्या समाजाची बिऱ्हाडे कोणत्या रस्त्याने, कोणत्या बाजारांना येणार आहेत, त्याची यादी त्याच्या टेबलावर ठेवा.